दुसरा ठोसा

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा डोंगर अजून उभेच होते, त्यांना खाली बसायचं सुचलं नव्हतं. पटत नसेल तर डोंगरालाच जाऊन विचारा. तुम्ही परत येईपर्यंत मी काही थांबणार नाही.

तर त्या काळी एका राज्यात दोन गावं होती. टेकडीवर वरगाव आणि पायथ्याला तळगाव. दोघांच्या मधोमध एक कुरण होतं. तिथलं गवत इतकं उंच वाढे, की आत शिरलेला बैल नुसत्या शिंगांवरून ओळखावा लागे.

कुरण कुणाचं, यावरून पूर्वी डोकी फुटायची. म्हणून राजानं एक रिवाज घालून दिला. होळी झाली की दोन्ही गावांनी एकेक गडी द्यायचा. दोघांनी कुरणात समोरासमोर उभं राहून मुठींनी लढायचं. जिंकेल त्याच्या गावाची गुरं वर्षभर कुरणात चरतील.

पहिला ठोसा गेल्या साली जिंकलेल्याचा. त्याला मानाचा ठोसा म्हणत. तो घेताना समोरच्यानं पाय हलवायचे नाहीत. पुढं मात्र दोघंही मोकळे. ज्याला हार मानायची असेल त्यानं मूठभर माती उचलायची आणि सगळ्यांच्या देखत बोटांतून सोडून द्यायची. माती सुटली की कुरण सुटलं.

वरगावात एक मल्ल होता. लोक त्याला घण म्हणत. कितीतरी वर्षं मानाचा ठोसा त्याचाच होता. समोरचा गडी तो खाई, आडवा होई, पडल्या पडल्या माती उचले आणि सोडून देई. लोक न्याहारी करून घरून निघत आणि न्याहारी जिरायच्या आत घरी परतत.

आता तुम्हाला वाटेल, तळगावाला याचं दुःख असेल. इथंच तर सगळी गंमत आहे! तळगावाला त्या ठोशाचा अभिमान होता.

तळगावच्या पारावर बाराही महिने दुसरा विषय नसे. बाबाजी तेली सांगे, "घणानं हात मागं नेला, तर नुसत्या वाऱ्यानं लिंबाचा पाला झडला. ऐन चैत्रात!"

धाकलू न्हावी म्हणे, "पाल्याचं काय घेऊन बसलास? माझ्या बापाची मिशी उजवीकडं वळलेली होती. ठोसा खाल्ला, ती डावीकडं वळली. मरेपर्यंत सरळ झाली नाही. रोज मीच कातरत होतो ना!"

"आणि तो माळ्याचा गडी?" बाबाजी पुढं सरकून म्हणे. "उडाला तो थेट सासुरवाडीत पडला. सासूनं जावई आले म्हणून पाट मांडला, ताट वाढलं, तरी ह्याला शुद्ध नाही!"

मग सगळे खूश होऊन माना डोलवत. "हरतो खरं," ते म्हणत, "पण कुणाकडून हरतो ते बघा!"

इकडं गोठ्यात मात्र गुरं वाळत होती. गावात ताकात पाणी घालायची पद्धत मागं पडली होती, आता पाण्यात ताक घालत.

त्या साली राजाला दरवर्षीच्या या गोंगाटाचा कंटाळा आला. त्यानं दवंडी पिटवली : यंदा जो जिंकेल, कुरण त्याच्या गावाचं. कायमचं. वरगावानं लगेच सीमेचे दगड घडवून कुरणाच्या कडेला आणून टाकले. गाडीतून ते उतरवून घ्यायला हातभार कुणी लावला म्हणता? तळगावच्याच माणसांनी. तेवढाच घणाला जवळून बघण्याचा योग!

आता घणापुढं उभं राहायला तळगावातून कुणी तयार होईना. शेवटी हैबती गवळी पुढं आला. नाव हैबती, पण तो दारात आडवा उभा राहिला तरी वारा न अडता घरात यायचा. त्याच्याकडं चांदी नावाची एकच म्हैस होती. कपाळावर पांढरा टिळा आणि अंगावर नुसत्या फासळ्या. दूध देताना तिलाच लाज वाटे. कुरण कायमचं गेलं तर ती पुढचा पाऊस पाहणार नाही, हे हैबतीला कळत होतं. त्याला एवढंच कळत होतं, म्हणून तो पुढं आला.

लढतीच्या आदल्या दिवशी दुपारी अख्खा गाव त्याला शहाणपण शिकवायला पारावर जमला.

"डावीकडं कल," बाबाजी म्हणाला. "घणाचा हात उजवा."

"मूर्खा, म्हणूनच उजवीकडं कलायचं," धाकलू ओरडला. "हाताच्या आतल्या बाजूला शिरायचं. माझं ऐक हैबती, श्वास कोंडून धर."

"श्वास कोंडला तर फुग्यासारखा फुटेल तो! श्वास सोड. आणि दात आवळ."

"दात आवळले तर सगळे एकदम पडतील. तोंड उघडं ठेव."

"पडायचंच आहे तर डाव्या कुशीवर पड," मागून कुणीतरी म्हणालं. "उजवीकडं गोखरू आहे, काटे टोचतील."

"आणि माती उचलायला फार वेळ लावू नकोस," बाबाजी मायेनं म्हणाला. "उगीच ऊन लागेल तुला."

हैबती चणे खात सगळं ऐकत होता. त्याची गोदाआत्या बाजूलाच बसली होती. ती म्हणाली, "अरे मेल्यांनो, एकानं तरी म्हणा की हा जिंकेल!"

धाकलू घसा खाकरून म्हणाला, "आत्या, आम्ही जाणकार माणसं. जाणकारानं खोटं कसं बोलावं?"

तेव्हा हैबतीनं हातावरची सालं झटकली.

"जाणकारांनो," तो म्हणाला, "एकच सांगा. त्याचा दुसरा ठोसा कसा आहे?"

"दुसरा?" बाबाजी म्हणाला.

"हो. पहिल्यानंतरचा. डावीकडून येतो, उजवीकडून येतो, हळू येतो, जोरात येतो? कुणी पाहिलाय?"

पार गप्प झाला. इतका गप्प, की पिंपळावरच्या कावळ्यानं काय झालं म्हणून खाली वाकून पाहिलं.

धाकलू सगळ्यांत आधी सावरला. "दुसरा तर त्याहून भयंकर असणार!" तो म्हणाला. "इतका भयंकर, की बघायला आजवर कुणी उरलाच नाही."

"मग," हैबती उठत म्हणाला, "कुणीतरी बघून यायला हवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही गावं कुरणाभोवती दाटली. घण मधोमध उभा होता. वरगावच्या वाजंत्र्यांनी ढोल गळ्यात अडकवून तयार ठेवले होते. विजयाचा हार तर एका बाईनं आधीच दोन्ही हातांत उचलून धरला होता.

हैबती समोर जाऊन उभा राहिला. पाय रोवले. घणानं हात मागं नेला.

मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. म्हणजे एरवी सांगेन, पण इथं नाही. तो ठोसा खरंच भारी होता. हैबती ना डावीकडं कलला ना उजवीकडं, त्याला वेळच मिळाला नाही. तो धाडकन आडवा झाला. दोन दात गवतात गेले, आणि आभाळात एकाच्या जागी तीन सूर्य दिसू लागले.

ढोल वाजू लागले. हार निघाला. तळगावची माणसं अभिमानानं एकमेकांना कोपरानं ढोसू लागली. "बघितलास? काय ठोसा होता!"

हैबतीनं पडल्या पडल्या मूठभर माती उचलली.

सगळे वाट पाहू लागले. माती काही सुटेना.

हैबती गुडघ्यावर आला. मग उभा राहिला, डुलत डुलत, पण उभा. ती माती त्यानं धोतराच्या कनवटीला खोचली आणि वर एक गाठ मारली.

"सोड की माती!" वरगावातून कुणीतरी ओरडलं.

"माती माझ्या म्हशीची आहे," हैबती रक्त थुंकून म्हणाला. "मी कोण सोडणार? हं पैलवान, आता दुसरा दाखवा."

ढोल अडखळून थांबले. हार घेऊन निघालेली बाई वाटेतच उभी राहिली. घण हैबतीकडं बघतच राहिला. मग त्यानं आपल्या गावाकडं पाहिलं. इतकी वर्षं तो पहिला ठोसा घासूनपुसून ठेवत आला होता. दुसऱ्याची कधी गरजच पडली नव्हती.

त्यानं दुसरा मारला. तो हैबतीच्या खांद्याला घासून गेला. तिसरा मारला. तो भाकरी थापल्यासारखा लागला. चौथ्याला घणाला धाप लागली.

"उभा राहा रे हैबती!" गोदाआत्या ओरडली. आणि जन्मात पहिल्यांदा सगळं तळगाव आपल्या माणसाच्या नावानं ओरडलं.

हैबतीचे ठोसे काही मोठे नव्हते. रोज धार काढणाऱ्या हाताचे ते ठोसे, बारीक आणि न थकणारे. एक, मग एक, मग आणखी एक. मधे तो पुन्हा पडला. कनवटीला हात लावून पाहिला, गाठ जागेवर होती, तो पुन्हा उठला. ऊन डोक्यावर आलं तेव्हा घण मटकन खाली बसला. त्यानं माती उचलली, तिच्याकडं पाहिलं, आणि बोटांतून सोडून दिली.

हैबतीनंच त्याला हात देऊन उठवलं. घण हळूच म्हणाला, "पडलेल्या माणसाचं काय करायचं ते मला ठाऊक होतं रे. उठलेल्याचं काय करायचं, हे कुणी शिकवलंच नाही."

कुरण तळगावाचं झालं. घडवून आणलेले सीमेचे दगड जागच्या जागी पडून राहिले. चांदी चरून झाली की त्यांच्यावर पाठ घासते. तिच्या फासळ्या आता शोधाव्या लागतात.

पारावरचे जाणकार मात्र तेच आहेत. धाकलू आता सांगतो, की हैबतीनं वीस ठोसे खाल्ले आणि प्रत्येक ठोशाला तो हसला. तिथून जाता जाता हैबती हे ऐकतो आणि पडलेल्या दातांच्या फटीतून हवा सोडत म्हणतो, "हसलो नाही, धाकलू. लागलं. फार लागलं. पण लागणं वेगळं आणि हरणं वेगळं."

बोध : ज्याच्या पहिल्या घावाच्याच गोष्टी सांगितल्या जातात, त्याचा दुसरा बघायला उठून उभं राहावं.