शेवटच्या रांगेतलं बस्कर

टेकडीआडच्या एका गावात शाळेची खिचडी शिजवणारी एक बाई होती, हौसाबाई. बोलायची खरं, पण कुणाला पटेल तर शपथ! “चौथी शिकलेली, हिला शाळेतलं काय कळतंय?” म्हणत लोक तिला उडवून लावायचे.

ती एवढंच म्हणायची, “शाळा मुकी झालीय. आणि त्यात तिसरीला शिकवणाऱ्या रत्नाबाईंचा दोष नाही.”

आधी तिथं मोठ्या बाई हेडमास्तरीण होत्या. प्रत्येक वर्गात शेवटच्या रांगेत त्यांचं एक बस्कर असायचं. रोज मुलांत मांडी घालून त्या धडा ऐकायच्या. उठताना म्हणायच्या, “रत्ने, बेडकाची गोष्ट झकास! पण खिडकीकडच्या पोरी अडल्यात, त्यांना पुन्हा सांग.” दुसऱ्या दिवशी रत्नाबाई दुप्पट जोमानं शिकवायच्या. तिसरीचं हसू चुलीपर्यंत ऐकू यायचं.

मोठ्या बाई निवृत्त झाल्या, नवे हेडमास्तर आले. त्यांनी चारही बस्करं गोळा करून खुर्चीवर घातली, मऊ बसायला. तिथूनच चिठ्ठ्या सुटू लागल्या. ‘आवाज कमी.’ ‘गोष्टी बंद.’ ‘खुलासा द्या.’ रत्नाबाई फळ्याकडे तोंड करून शिकवू लागल्या. हौसाबाई हातातला डाव थांबवून कान द्यायची. नुसती डाळ रटरटायची.

एक दिवस तपासणीला साहेब आले. मुलांना वाचता येईना.

“ही बाईच कामचुकार,” हेडमास्तर म्हणाले. “हिची बदली करा.”

साहेबांनी शेरेबुकात रत्नाबाईंचं नाव लिहिलं. त्या बोटाला पदर गुंडाळत उभ्या राहिल्या.

हौसाबाई डाव घेऊनच आत शिरली. “हेडमास्तर, उठा जरा.”

“का गं?”

“उठा म्हणते ना!”

ते उठले. तिनं एकेक बस्कर झटकून टेबलावर मांडलं. “ही चार वर्गांची. यांच्यावर बसून मोठ्या बाई ऐकायच्या. साहेब, विचारा हेडमास्तरांना, रत्नाबाईंचा एक तरी धडा ऐकलाय का?”

“वेळ कुठं असतो?” हेडमास्तर पुटपुटले.

साहेबांनी लिहिलेलं नाव खोडलं आणि त्याखाली दुसरं लिहिलं.

हौसाबाईनं तिसरीत जाऊन बस्कर जागेवर घातलं. मोठ्या बाई काही परत येणार नव्हत्या. ती रिकामी जागा तिला बघवेना, म्हणून स्वतःच बसली. “हं, सांगा की बेडकाची.”

रत्नाबाईंनी मुलांकडे तोंड वळवलं. त्या दिवशी खिचडी करपली.

तात्पर्य: जो जवळ बसून ऐकतो, त्याच्या शाळेत शिक्षक फुलतात, जो वर बसून चिठ्ठ्या धाडतो, त्याच्या शाळेत वर्ग मुके होतात. आणि असं झालं की दोष शिकवणाऱ्यावर ढकलू नये. त्या गावच्या शेरेबुकात खोडलेल्या नावाखाली एकच नाव आहे: विश्वंभर हेडमास्तर.