नव्या कॅमेऱ्याचा नेम

फोटो रोलच्या पोटात काळोखात झोपत आणि धुतल्यावरच जागे होत, तेव्हाची ही गोष्ट. भाचीच्या लग्नाचे फोटो काढायला निघालेल्या कुसुममावशींच्या पिशवीत दोन कॅमेरे होते, एक म्हातारा आणि एक नवा. चित्र स्पष्ट यायला म्हाताऱ्याचं भिंग हाताने फिरवावं लागे. नवा मात्र नुसता उड्या मारत होता.

"आजोबा, माझं सगळं आपोआप! नेम आपोआप, रोल आपोआप पुढे, अंधारलं की फ्लॅश टुणकन वर! मावशींनी फक्त बटण दाबायचं!"

"आधी बटण अर्धंच दाबू दे," म्हातारा म्हणाला. "नवरीवर नेम पक्का कर, मग पूर्ण दाबू दे."

"छे! मला क्षणभरही थांबावं लागत नाही!"

मंगलाष्टकं संपली, अंतरपाट दूर झाला, अक्षता उडाल्या. नवरा इकडे, नवरी तिकडे, मधे मोकळी जागा. नव्या कॅमेऱ्याने नेहमीसारखा मधोमध नेम धरला. खटॅक! सर्रर्र! खटॅक! सर्रर्र!

रोल धुऊन आला. नवरानवरी धुक्यात! आणि त्यांच्या मधून, लांब मागे, पंगतीआधीच परातीतली जिलबी तोंडात कोंबणारे बाबूकाका एकदम लख्ख! मिशीवरचा पाकसुद्धा चमकत होता.

"असा फोटो जन्मात निघाला नव्हता माझा!" काका नाचायलाच लागले. "मोठा करून द्या!"

"काका," नवरी ओरडली, "लग्न माझं होतं!"

पिशवीत नवा कुरकुरला, "पण पाक बघा ना, किती स्पष्ट आलाय!"

"नजर तुझी झकासच आहे रे," म्हातारा हसला. "फक्त बघण्याआधी विचारत जा, लग्न कोणाचं आहे."