सतरा हार आणि एक रेडिएटर

डोंगराच्या पाठीवर एक वाडी होती, आणि त्या वाडीपर्यंत चढणारी एकच गाडी होती. ती म्हणजे गुणाजीची जुनी जीप. रस्ता असा दगडधोंड्यांचा, की बाकीच्या गाड्या पायथ्याशीच थांबायच्या. ही मात्र चारही चाकांनी ओढत, धापा टाकत वर यायची. वाडीचा तांदूळ, औषधं, माहेरी आलेल्या लेकी, सगळं तिच्यातूनच वरखाली व्हायचं.

गुणाजी माणूस भला. कुणाला नाही म्हणणं त्याला जमत नसे. त्याची बायको सुमती व्रतंवैकल्यं मनापासून करणारी.

त्याच वाडीत रावजी सुतार राहायचा. दोन वर्षांपूर्वी त्याची मूत्रपिंडं थकली. दर मंगळवारी आणि शुक्रवारी तालुक्याच्या दवाखान्यात जायचं आणि यंत्रावर रक्त शुद्ध करून घ्यायचं, तेव्हा कुठे पुढचे तीन-चार दिवस बरे जायचे. गुणाजीनं त्याची एकही पाळी चुकू दिली नव्हती. त्याचे आभार कसे मानावेत हे रावजीला कळेना. शेवटी त्यानं फणसाच्या रुंद फळीवर 'आई डोंगरजाई प्रसन्न' अशी अक्षरं कोरली आणि ती पाटी स्वतःच्या हातानं जीपच्या तोंडावर बसवली.

सुमतीनंही रावजीसाठी देवीचे एकवीस मंगळवार धरले होते. दिवसभर उपास, आणि सकाळी जीप निघण्याआधी तिला झेंडूचा एक हार. व्रत पुरं होईपर्यंत एकही हार टाकायचा नाही, असं तिनं मनाशी धरलं होतं. म्हणून नवा हार जुन्याच्या वर बसायचा. असे सतरा मंगळवार झाले होते. ते पाहून दुसऱ्यांनाही हुरूप आला. कुणी घंटा बांधली, कुणी काळी बाहुली, कुणी किडे येऊ नयेत म्हणून बारीक जाळी लावली. जीप बोहल्यावर चढल्यासारखी दिसू लागली.

पण त्याच दिवसांत तिला एक खोड लागली. घाट चढताना सातव्या वळणावर ती उकळायची. बॉनेटमधून वाफ निघायची. मग गुणाजी थांबायचा, ती निवेपर्यंत वाट बघायचा आणि झऱ्यावरून कळशी भरून आणून तिच्यात ओतायचा.

रावजी आत बसून हसायचा. त्याला डॉक्टरांनी दिवसाला मोजून दोन भांडी पाणी सांगितलेलं. "गुणाजी, ही माझ्या वाटणीचं पाणी पिते रे," तो म्हणायचा. "हिलाही एकदा डॉक्टरला दाखव."

एका शुक्रवारी परत येताना त्याच वळणावर फट्‌ असा आवाज झाला. रेडिएटर फुटला. इंजिनाचं तापलेलं पाणी ज्यात येऊन निवतं, तोच हा रेडिएटर. तोच फुटल्यावर गाडी हलणार कशी? वाडीतल्या चौघांनी खाली येऊन खुर्चीला बांबू बांधले आणि रावजीला डोलीतून वर नेलं. तेवढ्या धक्क्यांनीच तो पार गळून गेला.

दुसऱ्या दिवशी सुमतीनं डब्यातली मूठभर हळद दिली. ती पाण्यात घालून गुणाजीनं रेडिएटरची भेग कशीबशी बुजवली आणि हळूहळू उतरत तालुक्याला अन्वर मिस्त्रीचं गॅरेज गाठलं.

अन्वरनं आधी पाटी सोडवली. सगळे हार उतरवून स्वच्छ कापडावर ठेवले. मग रेडिएटर बाहेर काढला आणि मान हलवली.

"वरची टाकी उसवलीय, नळ्या कुजल्यात. झाळून, डाग देऊन भागायचं नाही, दुसरा घ्यावा लागेल." त्यानं तीन रेडिएटर समोर मांडले. "हा तांब्या-पितळेचा, तुमच्या जीपला मुळात होता तसाच. हा ॲल्युमिनियमचा, हलका. आणि हा तीन थरांचा, जाडजूड, पाणी जास्त धरतो. पण पंखा याला अगदी खेटून फिरतो."

"यातला चांगला कोणता?"

"चांगले तिन्ही."

"मग घेऊ कोणता?"

"गाडी तापते कशानं, त्यावर आहे ते." अन्वरनं कापडावरच्या हारांकडे पाहिलं. तो म्हणाला, "गुणाजीभाऊ, पुढून वारा नीट लागतो ना हिला?"

गुणाजी मोठ्यानं हसला. "वारा? अन्वरभाई, आमच्या डोंगरावर वाऱ्याशिवाय दुसरं आहे काय!"

अन्वरनं पाना उचलला.

गुणाजीला वाटलं, जो जाड तो दमदार. त्यानं तीन थरांचा बसवून घेतला. अन्वरनं पाटी आणि हार जसेच्या तसे पुन्हा लावून दिले. निघताना तो म्हणाला, "मनास आला नाही तर बदलून देईन. पण एक सांगतो. इंजिन बऱ्याचदा उकळलंय. आता काटा लालवर गेला की तिथल्या तिथं थांबा. आणखी एकदा उकळलं तर इंजिनच बसेल, मग रेडिएटर सोन्याचा लावलात तरी उपयोग नाही."

गुणाजी घाट चढू लागला. पाच वळणं झाली, सहा झाली. सातव्यावर काटा लाल रेघेला टेकला.

त्यानं इंजिन बंद केलं आणि दगडावर जाऊन बसला. रेडिएटर नवा, तोही जाड, आणि काटा मात्र जुन्याच जागी! गाडी निवल्यावर तो रडतखडत वाडीत पोचला.

रविवारी वाण्याच्या दुकानासमोर सगळी वाडी त्याला शहाणपण शिकवायला जमली.

"ट्रकचा बसव सरळ," एक जण म्हणाला.

"ॲल्युमिनियमच घ्या," शाळेचे गुरुजी म्हणाले. "विमानात तोच धातू असतो."

"विमान सातवं वळण चढतं का हो, गुरुजी?" मागून कुणीतरी विचारलं आणि सगळे हसले.

"जुन्या बाजारातला आण. जुनी माणसं टिकतात तशा जुन्या वस्तू टिकतात," तिसरा म्हणाला.

एक म्हातारी काठी टेकत पुढं आली. "दृष्ट लागलीय रे तिला. आणखी चार लिंबं बांध." गुणाजीनं तेवढं लगेच केलं, कारण सगळ्यात सोपं तेच होतं.

घरी आल्यावर त्याला तांब्याचा बरा वाटू लागला. जेवताना ॲल्युमिनियमचा. हात धुताना वाटलं, मुळात दोष रेडिएटरचा आहे की आपल्या नशिबाचा? सुमतीनं विचारलं, "ताक वाढू का?" तर म्हणाला, "दोन थरांचं वाढ."

संध्याकाळी रावजी भिंतीचा आधार घेत आला. त्याच्या पावलांवर सूज होती.

"परवाचं काय, गुणाजी? डोलीवाल्यांना सांगून ठेवू का?"

गुणाजीनं त्या सुजेकडे पाहिलं. शुक्रवारी वरच्या चार वळणांच्या डोलीनं रावजी काल दिवसभर अंथरुणाला खिळला होता. अख्खा घाट त्याला झेपला नसता, आणि झेपला असता तरी यंत्रावरची पाळी हुकली असती.

"नको सांगू," गुणाजी म्हणाला. "जीप येईल." बोलून तर बसला, पण कशाच्या भरवशावर, हे त्याचं त्यालाच कळेना.

रावजी गेल्यावर तो सुमतीला म्हणाला, "मला काहीच उमगत नाही गं. उद्या देवीला कौल लावू. ती सांगेल तो रेडिएटर."

कौल म्हणजे काय, तर देवीच्या मूर्तीला उजवीकडे एक आणि डावीकडे एक अशा ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. सोमवारी सकाळी दोघं जीप घेऊनच देवळाशी गेले. लवू गुरव पूजेला बसला होता.

गुणाजीनं हात जोडले. "आई, पातळ घेऊ का जाड, तांब्याचा घेऊ का ॲल्युमिनियमचा, नवा घेऊ का जुन्या बाजारातला…"

"थांब, थांब," लवू म्हणाला. "देवीला बाजू दोनच. उजवी आणि डावी. तुझे इतके रेडिएटर मी चिकटवू कुठं?"

"मग विचारू काय?"

"ते आधी तू ठरव. तोवर मी देवीला मोकळी करतो."

लवू देवीवरची फुलं उतरवू लागला. वरची ताजी होती. त्याखाली कालची, त्याखाली परवाची. गेले चार दिवस लवूची सून पूजा करत होती, आणि तिनं जुनी फुलं काढलीच नव्हती. टोपली भरली तरी फुलं निघतच होती.

सुमती न राहवून म्हणाली, "लवूदादा, फुलंच आहेत ना? असू द्या की अंगावर. तेवढीच शोभा."

"शोभा कसली, वहिनी? जुन्या फुलांखाली मूर्ती घामेजते. पाकळी नीट बसत नाही, नीट पडत नाही. निर्माल्य उतरवल्याशिवाय आमच्याकडे कौलच लागत नाही." त्यानं शेवटचा हार काढला. देवीचं काळं, शांत कपाळ मोकळं झालं. "बघा. आता कसा श्वास घेतल्यासारखी दिसते."

सुमती देवीकडे बघत राहिली. मग तिनं मान वळवली. दारासमोर जीप उभी होती. कालची लिंबं, बाहुली, घंटा, बारीक जाळी, सतरा हार आणि या सगळ्यांच्या मागं फणसाची रुंद पाटी. जीपचं तोंड कुठंच दिसत नव्हतं.

लवूनं पाकळी भिजवली. "हं, विचार रे गुणाजी."

"थांबा," सुमती म्हणाली. "अहो, कौल नको. देवीनं पाकळीच्या आधीच सांगितलं. वारा शिरायला आपण जागाच कुठं ठेवलीय?"

गुणाजीनं जीपकडे पाहिलं. त्याला अन्वरचा प्रश्न आठवला, आणि आपलं हसणंही आठवलं.

"पण तुझं व्रत?" तो हळूच म्हणाला. "अजून चार मंगळवार राहिलेत."

सुमतीनं लवूकडे पाहिलं. लवू म्हणाला, "वहिनी, हार देवीला पोचला तो त्याच दिवशी. मागं राहिलं ते निर्माल्य. ते झाडाच्या मुळाशी घालायचं. व्रत मोडत नाही त्यानं."

सुमतीनं स्वतःच्या हातानं सतरा हार उतरवले. खालचे तर कुजून एकमेकांना चिकटले होते. लिंबं गेली, बाहुली गेली, जाळी गेली. आता राहिली पाटी. तिला हात लावायला मात्र गुणाजी धजेना. ज्याच्या जिवासाठी ही सगळी धावपळ, त्याचीच ती भेट. आजारी माणसाच्या मनाला काय वाटेल? तरी तो जीप घेऊन तसाच रावजीच्या अंगणात गेला.

"रावजी, एक मागायचंय. तुझी पाटी मला काढावी लागेल. जिथं आहे तिथं ती वारा अडवते."

रावजीनं जीपकडे पाहिलं. काठी घेऊन उठला आणि जीपपाशी आला. त्यानं पाटी आणि रेडिएटर यांच्यातल्या फटीत बोटं घालून पाहिली. पुरती दोन बोटंही जाईनात. त्याचा चेहरा पडला.

"चाळीस वर्षं लोकांच्या घरांना खिडक्या केल्या मी," तो म्हणाला, "आणि ज्या गाडीनं मला जगवलं, तिच्याच खिडकीवर फळी ठोकली!" मग तो करवादला, "बघतोस काय? पाना आण. माझी पाटी मीच काढणार."

त्यानं पाटी काढली आणि टपावर, काचेच्या वर बसवली. अक्षरं आता लांबूनसुद्धा वाचता येऊ लागली.

दुपारी गुणाजी एकटाच खाली उतरला आणि तसाच माघारी चढू लागला. सातवं वळण आलं. त्यानं श्वास रोखून काट्याकडे पाहिलं. काटा मध्यावर होता. आठवं आलं. काटा मध्यावरच. नवव्या वळणावर तो गाडीतच मोठ्यानं "आई!" म्हणाला.

मंगळवारी सकाळी सुमतीनं अठरावा हार जीपला घातला, हात जोडले आणि जीप सुरू व्हायच्या आत तो उतरवून तुळशीपाशी ठेवला. रावजी पुढं बसला. दवाखान्यात वेळेवर पोचला. तो यंत्रावर होता तोवर गुणाजी अन्वरच्या गॅरेजात गेला.

"अन्वरभाई, हा जाडा काढा, पंखा याला खेटतो. जीपला मुळात होता तसा तांब्याचाच द्या."

अन्वरनं मोकळ्या झालेल्या तोंडाकडे पाहिलं आणि हसला.

"तुम्हाला कळलं होतं ना?" गुणाजीनं विचारलं.

"वाटलं होतं," अन्वर म्हणाला. "पण देवीची पाटी काढा, असं मी कसं म्हणू? मनात म्हटलं, तुम्ही दुखावले जाल. विचारून गप्प बसलो. चुकलंच माझं."

"पुढच्या वेळी सांगा. आणि मी हसलो, तर पुन्हा सांगा."

संध्याकाळी जीप घाट चढली. सातव्या वळणावर गुणाजीनं सवयीनं गाडी हळू केली.

"थांबतोस कशाला?" रावजी म्हणाला. "आज ही तहानलेली दिसत नाही."

झऱ्याजवळून जीप तशीच पुढं गेली. रिकामी कळशी मागच्या बाकाखाली खडखडत राहिली.

तात्पर्य: अडचण आली की नवं काय आणावं या घोळात पडण्याआधी, आपण प्रेमानं काय काय साचवून ठेवलं आहे ते उतरवून पाहावं. वाहिलेलं फूल देवाला त्याच दिवशी पोचतं. त्यानंतर ते हलक्या हातानं उतरवणं हीसुद्धा पूजाच आहे.