एका सुरातलं उत्तर

राजा रणधवलाने नकाशावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "पूल इथं होईल! माझ्या हत्तीदरवाजासमोर!"

आता हत्तीदरवाजासमोर नदी सगळ्यांत खोल. शिवाय पुलाकडे जाणारा रस्ता काढायचा तर अख्खी बुरूडआळी पाडावी लागणार. दवंडी ऐकली तशी येसू बुरडीण हातातली अर्धी विणलेली टोपली टाकून उठली आणि तडक दरबारात जाऊन उभी राहिली.

"महाराज, पूल बांधा. पण नदी ओलांडणारे आम्ही. आम्हाला विचारून बांधा!"

राजा मोठ्यानं म्हणाला, "तुम्हाला विचारू? नदीपलीकडे बघ! तिथं राजा नाही, सभा आहे. एक विहीर खणायची तर ते लोक दोन पावसाळे नुसते भांडत बसले!"

"खरंय महाराज," येसू म्हणाली. "आपल्या गावची विहीर तुम्ही बोट दाखवलंत तिथं झटक्यात खणून झाली. तिला तेवढं पाणी लागायचं राहिलंय!"

प्रधान अच्युतपंतांनी उपरणं तोंडाला लावलं. राजाचे कान लाल झाले.

"फार बोलतेस! मग ऐक. एक गोष्ट, कुठलीही एक गोष्ट अशी काढ, की जिच्यावर सारं गाव एका सुरात बोलेल. उद्या इथंच, माझ्यासमोर! जमलं तर पूल गावाला विचारून बांधीन. दोन सूर निघाले तर तुझी आळी तर जाईलच, पण तूही वेशीबाहेर!"

येसू निघाली ती दारोदार. तिनं आधी सोप्यातलं सोपं विचारलं. "काय हो वैद्यबुवा, साखर गोड असते ना?"

"तापकऱ्याला कडू लागते," वैद्यबुवा म्हणाले.

"धोंडूआबा, सूर्य पूर्वेला उगवतो ना?"

"उगवत असेल! आमच्या बोळात दिसतो कुठं?"

पुलाचं विचारायची तर सोयच नव्हती. कुंभारांना तो भट्टीजवळ हवा, माळ्यांना देवळाजवळ, आणि परटिणी म्हणाल्या, "कुठंही बांधा, आमच्या घाटावर तेवढा नको!" दिवस कलला तशी येसूला विचारायला दारं उरली नाहीत. राजाचंच खरं होणार, असं तिला वाटू लागलं. पाय ओढत ती घरी आली आणि तांब्याभर पाणी घेऊन उंबऱ्यावर बसली.

आत सासू फुगून बसलेली! "साऱ्या गावाची दारं पुजून आलीस. मला विचारावंसं नाही वाटलं? मी काय या गावात राहत नाही?"

येसूच्या हातातला तांब्या तोंडाशीच थांबला. मग ती उठली आणि तिनं सासूच्या पायांवर डोकंच ठेवलं. "आत्याबाई, तुम्ही माझी आळी वाचवलीत!"



दुसऱ्या दिवशी दरबाराच्या पटांगणात मुंगीला शिरायला जागा नव्हती. राजा मिशीला पीळ देत म्हणाला, "हं, बोलव तुझ्या गावाला!"

येसू लोकांकडे वळली. आवाज चढवून तिनं विचारलं, "लोकहो! पूल कुठं बांधायचा, हे तुम्हाला न विचारता ठरवलं तर चालेल का?"

"नाही!!"

असा काही आवाज उठला, की वाड्याच्या सज्जावरची कबुतरं भुर्रकन उडाली. वैद्यबुवा ओरडले, परटिणी ओरडल्या, धोंडूआबांना तर ठसकाच लागला. खुद्द अच्युतपंतांच्या तोंडूनही "नाही" निघून गेलं! त्यांनी घाईघाईनं जीभ चावली.

राजा थक्क झाला. पण हार मानणारा नव्हता. "बरं, मग सांगा तरी! पूल कुठं हवा?"

झालं! भट्टीजवळ, देवळाजवळ, उतारावर, घाटावर नको! एकच कालवा उठला.

"बघ, बघ!" राजा टाळी वाजवत म्हणाला. "हे तुझं गाव! विचारलं की असा गोंधळ!"

"गोंधळ नाही महाराज," येसू हात जोडून म्हणाली. "इतकी वर्षं कुणी विचारलंच नव्हतं, म्हणून सगळं एकदम बाहेर पडतंय!"

 राजाच्या मिशा हलल्या, पोट हललं आणि तो सिंहासनावरच गदागदा हसू लागला. "घ्या रे सतरंज्या! बसा सगळे! आज ठरल्याशिवाय कुणी उठायचं नाही!"

वाद झाले, रुसवेफुगवे झाले, दोनदा पंगत उठली. शेवटी सूर्य बुडता बुडता पूल नदी उथळ होती त्या उतारावर ठरला. बुरूडआळी जिथल्या तिथं राहिली. राजानं येसूच्या हातात सोन्याचं कडं घातलं आणि म्हणाला, "आजपासून दर सभेत पहिलं बोलायचा मान तुझा!"

"पहिलं नको महाराज, शेवटचं बोलायचा द्या."

"का गं?"

"पहिलं बोलणाऱ्याला बाकीच्यांचं ऐकावं लागत नाही!"

राजा पुन्हा असा हसला, की त्याचा मुकुट कपाळावर घसरला. म्हणाला, "मग पहिलं बोलायचा मान आजपासून कुणालाच नाही. मलासुद्धा!"