लहान ओंजळीचे गाव

ही गोष्ट मी जशी ऐकली तशीच सांगतो आहे, अशी खात्री मला देता येत नाही. सांगणारी बाई फार म्हातारी होती आणि ऐकणारा मी फार लहान होतो. मधल्या काळात इतकी पुस्तके वाचली की त्यांतले काहीबाही या गोष्टीत मिसळले असेल. गावाच्या पूर्वेला नदी होती की पश्चिमेला, ते आठवत नाही. तिथे राजा होता की नव्हता, तेही नाही. पण त्या मुलीच्या हातांबद्दल माझी चूक होत नसावी. तर ऐका.

फार जुन्या काळी, डोंगरांच्या आड एक गाव होते. त्या गावात माप नव्हते. पायली नव्हती, शेर नव्हता, तराजू नव्हता. पूर्वी कधी एका व्यापाऱ्याने खोट्या बुडाच्या पायलीने गावाला फसवले होते. तेव्हा गावाने सगळी मापे नदीत बुडवली आणि ठरवले, यापुढे हात हेच माप. “माप खोटं बोलतं, हात खोटं बोलत नाही,” असे तिथली माणसे अभिमानाने म्हणत.

शाळेत जाणारे प्रत्येक मूल रोज सकाळी पंतोजींना ज्वारीची एक मूठ देई. आणि धान्याच्या कोठीवर राबणाऱ्याला कोठीचा मालक दिवस मावळताना ठरलेल्या ओंजळी देई. मूठ ज्याची त्याची, ओंजळही ज्याची त्याची. मोठ्या हाताचा माणूस जास्त ओझे उचलतो, म्हणून त्याला जास्त मिळते. लहान मूल थोडे देते, कारण ते लहान आहे. यात वाईट काय होते? मी यावर पुष्कळ विचार केला आहे. स्वस्ताईच्या दिवसांत तरी मला काही वाईट दिसत नाही.

या गावात भिवरा नावाची मुलगी होती. कोठीवरचा हमाल राणबा, त्याची ती थोरली. बापासारखेच तिचे हातही वयाच्या मानाने मोठे होते. ती शाळेच्या दारात आली की पोरे ओरडत, “भिवरीची मूठ आली, आज पंतोजींच्या घरी पाहुणे बोलवा!” ती हसे आणि आणखी दोन दाणे जास्त टाकी.

तिची बाराखडी पुरी झाली होती. आता जोडाक्षरे यायची होती, आणि ती त्यांची वाट बघत होती, जशी दुसरी मुले जत्रेची बघतात. घर, नदी, बाबा, भाकर हे तिला लिहिता येई. ज्वारी येत नसे.

“रोज मूठभर आणतेस, तिचं नाव तरी लिहायला शीक,” पंतोजी तिला चिडवीत. जत्रा झाली की जोडाक्षरे सुरू करू, असे त्यांनी सांगून ठेवले होते.

त्या वर्षी डोंगरापलीकडे पाऊस पडला नाही. तिकडून बैलगाड्यांच्या रांगा आल्या आणि कोठीतली ज्वारी भरून नेऊ लागल्या. गावात धान्याची धारण चढली. पूर्वी एका शेळीला जेवढी ज्वारी मिळे, तेवढीला दोन शेळ्या पडू लागल्या, मग दोन शेळ्या आणि वर तांब्याचा हंडा. भाकरी पातळ झाली. पुढे भाकरी गेली आणि पेज आली.

एका सकाळी भिवराने मडक्यात हात घातला तेव्हा तिच्या आईने तो मनगटाशी धरला. आई त्या मुठीकडे बघत राहिली. मग म्हणाली, “धाकट्याला जाऊ दे. त्याची मूठ चिमणीएवढी आहे. तुझी नाही परवडत, बाई.”

घराघरांत हेच झाले. ज्यांचे हात मोठे ती मुले आधी घरी बसली. म्हणजे जी शिकण्यात सर्वांत पुढे गेली होती, तीच आधी थांबली. मला वाटते, हे त्या वेळी कोणाच्या लक्षातही आले नसेल.

पंतोजींच्या मात्र आले. त्यांनी घरोघर निरोप धाडला की मूठ नको, चिमूटभर आणा. लोकांना तो अपमान वाटला. चिमूट असते मिठाची, नजर उतरवायला. गुरूला कोणी चिमूट देते का? तेवढी लाज पत्करण्यापेक्षा त्यांनी उरलेली मुलेही काढून घेतली.

तेव्हा पंतोजी स्वतः राणबाच्या दारी गेले. काहीच देऊ नका, रिकाम्या हाताने पाठवा, असे म्हणाले. भिवरा दाराआड उभी राहून ऐकत होती.

तिच्या आईने पाट दिला, पाणी दिले, आणि खाली बघत म्हणाली, “पंतोजी, तुम्ही मूठ सोडाल. तिची ओंजळ कोण भरून देणार? उद्यापास्नं कोठीवर जातीय ती, ज्वारी निवडायला.”

पंतोजी पाणी पिऊन उठले.

भिवरा कोठीवर जाऊ लागली. पहिल्या संध्याकाळी तिने आपल्या ओंजळी पदरात बांधून घरी आणल्या, आणि त्या रात्री घरात भाकरी झाली. राणबाने लेकीच्या पाठीवरून हात फिरवला. यात पुढे काय दडले आहे, हे त्याला कसे दिसावे?

मालकाला दिसले. तो दुष्ट होता, असे ही गोष्ट सांगणारी बाई म्हणाली नव्हती. धान्य स्वस्त असताना तोही ओंजळीकडे बघत नसे. आता दाण्यादाण्याला मोल आले, तसा तो हात बघू लागला. त्याला कळले की दोन पोरे मिळून एक पोते ओढत नेतात, आणि दोघांच्या ओंजळी मिळूनही एका गड्याची ओंजळ भरत नाही.

“राणबा, तुझा हात मोठा आहे रे,” तो एक दिवस म्हणाला. “मला नाही झेपत. तू घरी बस, धाकट्याला पाठव.”

ज्या हातांचे गावाने कौतुक केले होते, ते मांडीवर ठेवून राणबा घरी बसला. धाकटा कोठीवर गेला. दोन मुलांच्या ओंजळींनी चौघांचे पोट भरेना, म्हणून शेजारच्या घरचे एक काम भिवराने आणखी धरले. जितकी मुले कामाला गेली, तितकी मोठी माणसे घरी बसली. आणि जितकी मोठी माणसे घरी बसली, तितकी मुले कामाला लागली.

पारावर सभा भरली. पंतोजींनी हात जोडून सांगितले की एक वाटी ठरवा. काम कोणीही करो, मजुरी त्याच वाटीने द्या. मग लहान हात कोणाला स्वस्त पडणार नाही, आणि पोरे आपोआप शाळेत येतील.

म्हाताऱ्यांतला एक जण म्हणाला, “पंतोजी, तुमची मूठ बंद झाली तेव्हा तुम्हाला माप आठवलं होय?”

लोक हसले. हात खोटे बोलत नाही, असे पंचांनी पुन्हा एकदा सांगितले आणि सभा उठली. राणबाही तिथे होता. लहानपणापासून जे वाक्य ऐकले, त्याच्याविरुद्ध त्याच्या तोंडून शब्द फुटला नाही.

पंतोजींनी गाव सोडले. निघण्याच्या सकाळी भिवरा त्यांना कोठीच्या वाटेवर भेटली आणि म्हणाली, “एवढं ज्वारीतलं अक्षर दाखवून जा.” त्यांनी काठीने धुळीत अर्धा ज काढला. त्याला व जोडायचा, एवढ्यात कोठीची घंटा झाली. उशिरा येणाऱ्याची एक ओंजळ कापत. भिवरा पळाली. तिला अर्धा ज तेवढा मिळाला.

पुढची वर्षे तिने ज्वारी निवडण्यात काढली. मुलांना एक विद्या मात्र आली: काम टिकावे म्हणून मजुरी घेताना बोटे आवळून हात लहान दाखवायचे. भिवरा झोपताना तळहातांना चिंध्या करकचून बांधी. बोटे वाकडी झाली, पण हात वाढायचे थांबले नाहीत.

एका संध्याकाळी मालकाने तिची ओंजळ पाहिली आणि दाणे ओतता ओतता थांबला.

“मोठी झालीस, भिवरे,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तिच्या जागी एक लहान मुलगी बसली होती. भिवराकडे आता काम नव्हते, आणि शाळेच्या जागी कडब्याची गंजी होती.

मग डोंगरापलीकडे पाऊस पडला आणि गाड्या यायच्या थांबल्या. गावात धान्य घेण्याची ऐपत कोणाची उरली नव्हती. ज्वारी कोठीत पडून राहिली आणि तिला कीड लागली. ती उन्हात काढायला हवी होती. मालकाने हाका मारल्या. मोठी माणसे उपासाने खंगली होती, तरुणांची बोटे वाकडी होती, आणि मुलांना भरले पोते कोठीच्या तळघरातून पायऱ्यांवरून वर आणता येईना. बघता बघता सगळ्या धान्याचे पीठ झाले, आणि ते पीठ कोणी खाण्यासारखे नव्हते. त्या हिवाळ्यात गावातली किती घरे बंद झाली, ते बाईने सांगितले नाही. मीही विचारले नाही.

महागाईत जे गाव मुलांच्या लहान हातांवर जगू पाहते, त्याला पुढे आधार द्यायला मोठे हात उरत नाहीत.

पुष्कळ वर्षांनी, मी स्वतः म्हातारा होत आलो असताना, त्या गावचे वंशज म्हणवणाऱ्या लोकांच्या खोऱ्यात गेलो. एका घरी लहान मुलगी आजीच्या पाया पडली. आपल्याकडे म्हणतात, मोठी हो. ती आजी म्हणाली, “हात लहान राहो.” मला वाटले ऐकण्यात चूक झाली, म्हणून शेजारच्या घरी विचारले. तिथेही मुलांना हाच आशीर्वाद देतात. का देतात, हे त्यांना ठाऊक नाही.