दत्ता भिसेची सतरंजी

“मग काड्या बदलू, की सरळ हातच बदलून घेऊ?” निहार वैतागून म्हणाला.

इनास मास्तर हसले. वसईकडच्या लग्नांत त्यांनी उभी हयात ड्रम वाजवले. आता ओसरीवर बसून शिकवतात. शिकवतात म्हणजे काय, बहुतेक वेळ प्रश्नच विचारतात. माणूस हैराण होतो, पण उठून जात नाही.

“डॉक्टर काय म्हणतो?”

“हाडात काही नाही म्हणतो. विश्रांती घ्या म्हणतो. आणि रविवारी ठाण्याला कार्यक्रम आहे, मास्तर! अर्ध्यावर आलो की खांदा भरून येतो. गेल्या खेपेला काडी सुटली ती थेट गाणारीच्या पायाशी. ऑर्केस्ट्रावाल्यांनी सांगून टाकलंय, पुन्हा असं झालं तर दुसरा माणूस बघू.”

ती जागा निहारच्या वडिलांची. दत्ता भिसे वारला आणि पोरगा त्याच्याच स्टुलावर येऊन बसला. आता जागा गेली असती तर बापाचीच गेली असती, आणि हे निहारला रात्रंदिवस खात होतं.

“सेट मांड,” मास्तर म्हणाले. “रोज मांडतोस तसा.”

निहारने गाडीतून सामान उतरवलं. आधी सतरंजी आली. निळी, कडा विरलेली. त्याने ती ओसरीवर अंथरली आणि तळहाताने सुरकुत्या काढल्या. तिच्यावर जागोजाग पांढऱ्या चिकटपट्टीचे तुकडे होते. इथे स्टूल, इथे बास ड्रम, इथे झांजेच्या स्टँडचे पाय. कुठल्याही गावात जा, सतरंजी पसरा, पाय खुणांवर टेकवा, की सेट तयार. बहुतेक ड्रमवाले असंच करतात.

“खुणा बाबांच्या हातच्या आहेत,” निहार म्हणाला. “स्टँडच्या उंचीलाही त्यांनीच पट्टी मारलीय. मी बोटभरसुद्धा हलवलेलं नाही.”

“बोटभरसुद्धा नाही?”

“नाही म्हणजे नाही.”

त्याची मान ताठ झाली होती. बाकीची पोरं चित्रं बघून सेट मांडतात, हा बापाच्या खुणांवर मांडतो. एवढा तोरा चालायचाच.

“वाजव.”

निहारने वाजवलं. हात छान होता, खोटं कशाला बोला? पण गुडघे मांड्यांमधल्या छोट्या ड्रमच्या, स्नेअरच्या, वर आले होते. उजवीकडची मोठी झांज इतकी अंगालगत, की प्रत्येक ठोक्याला कोपर मागे ओढावं लागे आणि खांदा पार कानाला भिडे.

“पुरे,” मास्तर म्हणाले. “बापाची चप्पल पोराच्या पायाला आली, की पोराला मित्र समजावं म्हणतात. तुला येते का रे दत्त्याची चप्पल?”

“छे! बाबांचा पाय केवढासा. मला दहा नंबर लागतो.”

“हं...”

आतून चहा आला. मास्तरांनी निहारचा कप स्वतः उचलला आणि नेऊन त्याच्या पाठीमागे, कठड्यावर ठेवला.

निहार कमरेत वळला, कप घेतला, एक घोट प्याला आणि समोरच्या खुर्चीवर ठेवला.

“का हलवलास?”

“हात पोचत नव्हता.”

“मी ठेवला होता. वयाने मी तुझ्या बापापेक्षा मोठा.”

“अहो मास्तर, चहाच तर आहे...”

मास्तर कपाकडे बघत राहिले, मग झांजेकडे.

निहारचा चेहरा उतरला. “कळलं मला. खुणा हलव, असंच ना? पण मास्तर, घर भाड्याचं होतं, ते सुटलं. ड्रमही मी नवे घेतले. बाबांचं असं माझ्याकडे एवढंच राहिलंय. हेही हलवलं तर उरलं काय?”

त्याने बाहीने डोळे पुसले. मास्तरांनी चष्मा पुसला.

मग ते गुडघ्यांवर हात देत खाली बसले. सांधे कटकट वाजले. रांगत रांगत ते सतरंजीवरून फिरू लागले, काही हरवल्यासारखे.

“हे काय रे?”

“कुठे? ते होय! डाग आहेत. बाबा गेल्यावर मी पट्ट्या सांभाळून सतरंजी धुतली. साबण लावला, ब्रशने घासलं. निघतच नाहीत.”

“कसले?”

“काय माहीत. चिकट आहेत. धूळ बसून काळे पडलेत.”

मास्तरांनी एका डागाच्या कडेवरून नख फिरवलं. कड सरळ होती. दुसऱ्या डागाचीही सरळच.

“इकडे ये. पट्टीचा एक तुकडा दे.”

निहारने खिशातल्या गुंडाळीचा तुकडा फाडून दिला. मास्तरांनी तो डागावर ठेवला. बरोब्बर बसला.

निहारही गुडघ्यांवर आला.

“ही... पट्टीचीच जागा?”

“आणि ही?”

“हीसुद्धा. अरे, ही पण! मास्तर, हे स्टूल तर इथे होतं... मग इथे... मग आणखी मागे...”

“पोट सुटलं होतं दत्त्याचं.”

निहार रडता रडता हसला. आता तो स्वतःच रांगत होता, बोटाने एकेक डाग शोधत. झांज किती ठिकाणी फिरली होती! सतरंजीचा हातभर तुकडासुद्धा कोरा नव्हता.

“माझ्यासमोर कधी हलवलं नाही त्यांनी.”

“तू समोर बघत होतास. गाणाऱ्यांकडे.”

निहार उठला. स्टूल वर घेतलं, वीतभर मागे सरकवलं. डोळे मिटले, हात मोकळे सोडले आणि हळूहळू उचलले. जिथे काडी आपणहून गेली तिथे झांज नेऊन ठेवली. स्नेअर वर केला.

मग वाजवू लागला. बराच वेळ वाजवलं. खांदा आपल्या जागी राहिला. मास्तरांची सून दारात येऊन उभी राहिली, पदराला हात पुसत.

थांबला तेव्हा निहारने आधी उजवा खांदा चाचपून पाहिला. मग चिकटपट्टीची गुंडाळी काढून सतरंजीवर वाकला. आणि तिथेच अडला.

“मास्तर... नव्या जागांना पट्ट्या लावतो. पण बाबांच्या या शेवटच्या पट्ट्या आहेत. यांचं काय करू?”

मास्तरांनी निहारचा गार झालेला चहा पिऊन टाकला.

“उपटून काढ,” ते म्हणाले. “मात्र सतरंजी पुन्हा धुशील तर याद राख.”