गाळलेली आवर्तनं

"लोकांना कळतच नसेल, तर बाई, गायचं कुणासाठी?"

हा प्रश्न श्रीरंग केळशीकरनं पुण्याहून सोलापूरपर्यंत मनात घोळवत आणला होता.

समोर तुळसाबाई कवठेकर बसल्या होत्या. वय ब्याऐंशी. एके काळच्या संगीत नाटकातल्या नायिका. श्रीरंगला गाणं मिळालं ते यांच्याकडूनच. आता त्या शहराच्या पूर्वभागात, विणकरांच्या वस्तीत, दोन खोल्यांत राहत.

त्यांनी अडकित्ता थांबवला नाही.

"काय केलंस ते सांग."

श्रीरंगनं सांगितलं. बाईंच्या जुन्या नाटक कंपनीचं पाच तासांचं नाटक त्यानं दीड तासावर आणलं होतं. प्रत्येक पदाआधी निवेदक अर्थ सांगत असे. शब्द मागच्या पडद्यावर उमटत. लांब आलाप गाळले होते, ताना गाळल्या होत्या.

"पूर्वी तीस माणसं यायची, बाई. त्यातली निम्मी मध्यंतरात घरी जायची. आता सभागृह भरतं. कॉलेजची मुलं येतात, रिक्षावाले येतात. परवा एक भाजीवाली रडली."

"चांगलं झालं," बाई म्हणाल्या. मनापासून म्हणाल्या.

श्रीरंग थोडा पुढे सरकला.

"निरोपाचं पद तेवढं राहिलंय. ते तुमचं. तुम्हाला विचारल्याशिवाय हात लावला नाही. ध्रुपद आणि अंतरा यांच्यामध्ये तालाची चार आवर्तनं नुसत्या आलापाची आहेत. त्यात एक शब्द नाही. लोकांना वाटतं, पद संपलं. टाळ्या वाजवतात, मोबाईल काढतात. ती चार आवर्तनं गाळायचीत... पंधरा दिवसांवर प्रयोग आहे."

बाई सुपारी कातरत राहिल्या.

बाहेर यंत्रमागांचा खडखडाट चालला होता, तो एकाएकी तुटला. वीज गेली होती. सगळी पेठ निपचित झाली.

बाई उठल्या.

"पेटी घे. मागं कारखान्यात जाऊ."

दुपारचे तीन वाजले होते. पत्र्याच्या भोकांतून उन्हाच्या काड्या खाली आल्या होत्या. माग उभे होते, पांढऱ्या कापसाच्या धुरळ्यानं माखलेले. मधल्या वाटेत एक लांब फळी, विटांवर ठेवलेली. तिच्या दोन्ही बाजूंना अकरा म्हातारी माणसं बसली होती. सगळ्यांचे तळवे फळीवर.

कुणी मान वर केली नाही.

"हे कोण?" श्रीरंगनं हळू आवाजात विचारलं.

"हळू बोलायला नको. त्यांना ऐकू येत नाही. चाळीस-चाळीस वर्षं या खडखडाटात काढली, कान गेले. वीज गेली की इथं येऊन बसतात. मी फळीवर पेटी ठेवते आणि गाते. हातातून जेवढं येईल तेवढं घेतात."

"मराठी तरी येतं?"

"कामापुरतं. घरात तेलुगू."

"मग यांच्यासमोर मी..."

"लोकांसाठीच गातोस ना तू?"

श्रीरंगनं पेटी फळीच्या टोकावर ठेवली. खाली बसला. भाता हलवला.

फळी थरथरली. बावीस तळवे जरासे दबले.

त्यानं निरोपाचं पद धरलं. आवाज चांगला लागला होता. दुसऱ्या ओळीला म्हाताऱ्यांची बोटं हलू लागली. तालात. एकही बोट मागे नाही, पुढे नाही. श्रीरंगला हसू आलं. एवढं तर कुणालाही जमतं, त्याला वाटलं.

ध्रुपद संपलं. चार आवर्तनं गाळून त्यानं थेट अंतरा घेतला.

बोटं त्याच्याबरोबर आली नाहीत.

ती वेगळ्याच चालीनं चालू लागली. संथ. खोल. श्रीरंगचा अंतरा एकीकडे, बोटं दुसरीकडे. तो गडबडला. सूर हलला. तो थांबला. पेटीवरचे हात त्यानं उचलून घेतले.

फळी आता मुकी होती.

बोटं चालत राहिली.

त्यानं बाईंकडे पाहिलं. बाई डोळे मिटून उभ्या होत्या.

पहिलं आवर्तन गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्यात सगळ्यांचा उजवा तळवा एकदम उचलला गेला आणि हवेत राहिला. तिथं आलापात एक लांब थांबा होता. तो थांबा फक्त बाई घेत. कुठल्याही वहीत तो लिहिलेला नव्हता. तो त्यालाही पाच वर्षांनी उमगला होता.

तळवे खाली आले. चौथं आवर्तन.

मग सम. अकरा हात एकदम फळीवर पडले.

आणि अकरा चेहरे पहिल्यांदाच वर झाले, त्याच्याकडे वळले. कुणाच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ते वाट पाहत होते.

त्यातल्या एका म्हाताऱ्यानं, नरसय्या कोंड्याल त्याचं नाव, बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हटलं,

"हां. आता म्हणा की पुढं."

श्रीरंगनं पुन्हा पेटी धरली आणि अंतरा म्हटला. कसा म्हटला ते त्याला कळलं नाही. शेवटच्या सुराला म्हाताऱ्यांनी तळवे काढून घेतले, छातीवर ठेवले आणि पुन्हा माना खाली घातल्या.

वीज आली. माग धडधडत सुरू झाले. एकेक जण उठून आपापल्या मागाशी गेला. नरसय्यानं जाताना श्रीरंगच्या खांद्यावरचा कापूस झटकला.

बाहेर अंगणात श्रीरंग भिंतीला टेकून उभा राहिला.

"तुम्ही हे पद यांच्यासमोर पुष्कळदा गायल्या असाल," तो म्हणाला.

"निरोपाचं पद मी लोकांसमोर शेवटचं सांगलीला गायले. चाळीस वर्षं झाली."

"इथं?"

"इथं कधीच नाही."

"मग दुसऱ्या कुणी..."

"दुसरं कोण गाणार?"

श्रीरंगनं मागं वळून पाहिलं. कारखान्याचं दार उघडं होतं. आत नरसय्या पाठमोरा उभा होता, तुटलेला धागा जोडत.

"बाई... मी गाळलेलं त्यांच्याकडं कसं आलं?"

तुळसाबाईंनी त्याच्या हातातली पेटी घेतली. झाकण लावलं.

"गाळलेलं कुठं जातं, असं तुला वाटलं होतं?"